दोन इंजिनं आणि एक सांधा

पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबली की वडा घ्यायला उतरलेल्या प्रवाशांचं लक्ष स्टॉलकडे असतं. तेवढ्यात मागच्या डब्याला एक हलका धक्का बसतो आणि गाडीला बँकर इंजिनं लागतात. बोरघाटाचा चढ १:३७चा, म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनानं एकट्यानं ओढायचं म्हटलं तर चाकं घसरणार, कपलिंगांवर भलता ताण येणार. म्हणून मागून रेटायला जोडीदार. मधे अर्ध्या किलोमीटरची गाडी, दोन टोकांना दोन चालक, आणि एकमेकांचं तोंडही न बघता दोघांनी एकाच वेळी जोर लावायचा. दीडशे वर्षांहून जुन्या या घाटात हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणाला नवल वाटत नाही.

हीच युक्ती तीन-साडेतीन मीटर लांबीच्या मोटारीत करायची म्हटली तर? बॉनेटखाली एक इंजिन आहेच. तसंच दुसरं डिकीत. पुढचं पुढच्या चाकांना ओढणार, मागचं मागच्या चाकांना रेटणार. ताकद दुप्पट, चारही चाकांना जोर, आणि नवं इंजिन घडवायचा खर्च शून्य. कागदावर यापेक्षा स्वस्त हिशेब सापडणार नाही. त्यामुळे गेल्या ८०-९० वर्षांत तो कुणाला ना कुणाला सुचत आलेला आहे. त्यात हौशी गॅरेजवाले होते, तसे मिनीसारखी गाडी जगाला देणारे अभियंते होते, आणि जर्मनीतली सर्वांत मोठी मोटार कंपनीही होती.

हे खूळ छोट्या गाड्यांच्याच मागे का लागलं, याचं उत्तर गॅरेजात पटकन मिळतं. पुण्यात नाना पेठेच्या बाजूला एका जुन्या गॅरेजात मी एका हॅचबॅकचं इंजिन उतरवताना पाहत उभा होतो. जुन्या पद्धतीच्या गाडीत, म्हणजे इंजिन पुढं आणि ओढणारी चाकं मागं अशा गाडीत, इंजिन, गिअरबॉक्स, लांबलचक प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल असा पसारा गाडीभर पसरलेला असतो. इथं तसं नव्हतं. चेनपुलीला जे लोंबत होतं त्यातच सगळं होतं. आडवं बसणारं इंजिन, त्याच्या कुशीत गिअरबॉक्स, त्यातच डिफरन्शियल, आणि दोन्ही बाजूंना चाकांकडे जाणारे दोन आखूड ड्राइव्ह शाफ्ट. घरातल्या पाण्याच्या टाकीएवढ्या जागेत गाडीचा सगळा कारखाना. हा गठ्ठा उचलून कुठंही बसवता येईल असं बघणाऱ्याला वाटतंच.

गॅरेजचे मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांना विचारलं, “काका, समजा असलाच आणखी एक गठ्ठा आणला आणि डिकीत बसवला तर?”

त्यांनी हाताला लागलेलं ऑइल फडक्याला पुसलं. “बसंल की. पत्रा कापायचा, क्रॉस मेंबर मारायचा, माउंटिंग करायची. त्यात काय एवढं? पण साहेब, ही चाकं पुढची हायत. त्यांना वळायची सवय. मागं नेल्यावर त्यांना धरून कोण ठेवणार?”

मग त्यांनी बाकावरचा एक निकामी लोअर आर्म उचलून दाखवला. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट होता. अंगठ्याएवढी लोखंडी दांडी, तिच्या बुडाला पॉलिश केलेला गोळा, तो गोळा वाटीत बसवलेला, आणि वर काळं रबरी बूट. बूट फाटलेलं. आतलं ग्रीस गेलेलं आणि त्याच्या जागी माती. काकांनी दांडी दोन बोटांत धरून हलवली, तशी ती वाटीत खुळखुळली. “अख्खी गाडी ह्याच्यावर,” ते म्हणाले, आणि आर्म भंगाराच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या इंजिनाच्या इतिहासातले दोन सर्वांत गाजलेले घात इंजिनामुळं झालेले नाहीत, ते अशाच सांध्यामुळं झालेत. काकांना तो इतिहास ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्यांचं बोट बरोबर त्याच जागेवर पडलं होतं.

*

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची मिनी ऑगस्ट १९५९मध्ये बाजारात आली. अॅलेक इसिगोनिस या अभियंत्यानं तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवण्यासाठी इंजिन आडवं केलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली तेलाच्या टाकीतच ठेवला आणि पुढच्या चाकांना जोर दिला. इंजिन ८४८ सीसीचं, चाकं अवघी दहा इंची. आज जगातल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं गाडी ओढतात, ती रीत रूढ केली या गाडीनं. (शुद्धतावादी म्हणतील की मूळ मिनीला मागं वर उघडणारं दारच नव्हतं, ती हॅचबॅक कसली! कबूल. पण हॅचबॅक नावाच्या कुळाची आजी तीच.)

मिनीत इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन असं सगळं एका वेगळ्या सबफ्रेमवर बसवलेलं असे आणि ती सबफ्रेम बोल्टांनी गाडीला जोडलेली. म्हणजे दुसरी तशीच सबफ्रेम आणून मागं जोडायला गाडीनं जणू स्वतःच आमंत्रण दिलं होतं. ते स्वीकारलं खुद्द इसिगोनिसनंच. मिनीच्याच सामानातून कंपनीनं लष्करासाठी ‘मोक’ नावाची उघडी गाडी केली होती. लष्कराला ती नको झाली, कारण दहा इंची चाकांवरची गाडी खड्ड्यात पोटावर बसायची. तेव्हा मोकला मागं दुसरं इंजिन लावून चारही चाकांना जोर द्यायचा प्रयोग झाला. १९६२-६३चा हिवाळा इंग्लंडात हाडं गोठवणारा ठरला. रस्ते बर्फाखाली गाडले गेले, मोठमोठ्या गाड्या अडकून पडल्या आणि दोन इंजिनांची ही चिमुकली मोक मात्र बर्फ तुडवत फिरली. तिची ही करामत ज्यांनी पाहिली त्यांत जॉन कूपर होता.

कूपर म्हणजे साधा हौशी नव्हे. त्याच्या कंपनीनं शर्यतीच्या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या मागं ठेवलं आणि जॅक ब्रॅबहॅमनं त्या गाड्यांवर १९५९ आणि १९६०, सलग दोन वर्षं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं. सगळ्या जगाची इंजिनं पुढून मागं नेणारा हा माणूस. त्याच्याच नावाची मिनी कूपर १९६१मध्ये आली होती. त्यानं आता ठरवलं, पुढंही ठेवू आणि मागंही. तिकडे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननंही स्वतःची दोन इंजिनांची मिनी तयार केली. तिचं लाडकं नाव ‘ट्विनी’.

मे १९६३मध्ये ट्विनी सिसिलीत तार्गा फ्लोरिओच्या शर्यतीत उतरली. डोंगरातल्या गावांमधून जाणारा ७२ किलोमीटरचा फेरा, असे दहा. चालवायला सर जॉन व्हिटमोर आणि १९६०ची ल माँची शर्यत जिंकलेला बेल्जियन पत्रकार पॉल फ्रेर. (हाच व्हिटमोर पुढं शर्यती सोडून मोठ्या कंपन्यांतल्या साहेबांना ‘कोचिंग’ देऊ लागला आणि त्या धंद्यातला गुरू ठरला. दोन इंजिनांना एका दिशेला नेण्याचा अनुभव तिथं किती कामी आला असेल कोण जाणे.) गाडीला ताकद होती, पकड होती. पण मागचं इंजिन तापायला लागलं. पुढच्या इंजिनाला वारा आपसूक मिळतो, डिकीतल्या इंजिनाला तो कुणी आणून द्यायचा? पाण्यानं थंड होणारं इंजिन रेडिएटरवर जगतं आणि रेडिएटर वाऱ्यावर. पत्र्याला कुठंही भोक पाडलं तरी बॉनेटच्या जाळीतून येतो तसा वारा मागं येत नाही. त्यातून सिसिलीचा उन्हाळा. ड्रायव्हरांना मागच्या इंजिनाला जपत जपत शर्यत पुरी करावी लागली. दुप्पट ताकदीची म्हणून आणलेली गाडी शेवटी एका इंजिनावर, दुसऱ्याचं ओझं वाहत धावली.

हे झालं तापण्याचं. त्यावर उपाय सापडला असता. पण त्याच वर्षी कूपर स्वतःची ट्विनी घेऊन लंडनजवळच्या किंग्स्टन बायपासवरून चालला होता आणि वेगात असलेली गाडी उलटीपालटी झाली. तो जबर जखमी झाला. वाचला, पण त्या अपघातातून सावरायला त्याला फार काळ लागला आणि कंपनीतल्या ट्विनीच्या उत्साहावरही पाणी पडलं. कारण सांगितलं जातं ते नाना पेठेतल्या काकांचंच. मागं बसवलेली सबफ्रेम मुळात पुढची, म्हणजे तिच्यावरची चाकं वळणारी. मागं स्टिअरिंग नको, म्हणून ती चाकं सरळ धरून ठेवायला दोन्ही बाजूंचे स्टिअरिंग आर्म जागच्या जागी बांधून टाकलेले. त्यातला एक सुटला आणि मागचं चाक मनाला येईल तिकडं वळलं.

पुढचा टाय रॉड तुटला तरी गाडी हातातून जाते. पण निदान ड्रायव्हरला कळतं, चाक हातात सैल पडतं. मागचं चाक परस्पर वळलं तर स्टिअरिंगला काहीच कळत नाही. गाडीचं शेपूट पुढं यायला निघालेलं असतं आणि ड्रायव्हर अजून सरळ जात असतो.

*

आता जो प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात तो घेऊ. दोन इंजिनं एकमेकांशी भांडत नाहीत का? एकानं जास्त फेरे घेतले, दुसऱ्यानं कमी, तर?

याचं उत्तर मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत देखणं वाटतं. दोन इंजिनांच्या मधे शाफ्ट नाही, साखळी नाही, काही नाही. त्यांना जोडतो तो रस्ता. चारही चाकं एकाच जमिनीवर एकाच वेगानं चाललेली असतात, आणि दोन्ही गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये असले की दोन्ही इंजिनांना फेरे जवळपास सारखेच घ्यावे लागतात. एकाचा अॅक्सिलरेटर थोडा जास्त उघडा असला तर ते जास्त भार उचलतं, दुसरं कमी. बैलजोडीत असतं तेवढंच ते डावं-उजवं.

इतकंच नव्हे. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा थोडं मोठं वर्तुळ कापतात. नेहमीच्या चारचाक-जोराच्या गाडीत म्हणून मधे आणखी एक डिफरन्शियल लागतो, नाहीतर सांधे आणि टायर पिळवटतात. दोन इंजिनांच्या गाडीत पुढचं इंजिन वळणावर दोन-चार फेरे जास्त घेतं आणि मोकळं होतं. खरी अडचण येते ती क्लच आणि गिअरची. एक पायडल दाबलं की दोन क्लच एकाच क्षणी सुटायला हवेत, एक दांडा हलवला की दोन गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये पडायला हवेत. मागच्या बाजूची तार किंवा सळई लांबलचक, थोडी ढिली, थोडी ताणलेली. एक दुसऱ्यात आणि एक तिसऱ्यात पडलं तर रस्ता त्यांना समेट करायला लावतो, आणि तो समेट गिअरच्या दातांना महागात पडतो.

हे गणित नीट सोडवणारेही होते, आणि ट्विनीच्या आधी. त्यातल्या एकाचं नातं थेट पुण्याशी आहे. हॅम्बुर्गजवळच्या फिडाल उंड झोन या कंपनीनं १९३६पासून ‘टेम्पो जी १२००’ नावाची फौजी मोटार काढली. पुढं एक आणि मागं एक, प्रत्येकी सुमारे ६०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि वळणारी चाकं चारही. म्हणजे काकांच्या प्रश्नाला यांनी उलटंच उत्तर दिलं: मागच्या चाकांना वळायची सवय आहे ना, मग वळू द्या, पण रीतसर! अनेक देशांच्या सैन्यांनी ती विकत घेतली. याच कंपनीशी सहकार्य करून पुण्याच्या उद्योजक फिरोदियांनी १९५८मध्ये बजाज टेम्पो सुरू केली आणि हांझेट ही तीनचाकी गाडी महाराष्ट्राच्या बाजारपेठांत आणली. भाजीची पोती, गणपतीच्या मूर्ती आणि लग्नातलं रुखवत वाहिलेल्या त्या तीनचाकीचं इंजिनही पुढच्या एकुलत्या चाकाच्याच बोकांडी बसलेलं होतं. एका चाकावरचा तो आटोपशीर गठ्ठा बघितला की त्या घराण्याला दोन गठ्ठ्यांची गाडी कशी सुचली असेल याचा अंदाज येतो.

आणि मग सित्रोएन. १९५६मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात हासी मसूद इथं तेल सापडलं. फ्रेंच कंपन्यांची माणसं सहारात हिंडायला लागली आणि त्यांना स्वस्त, वाळूत न रुतणारी गाडी हवी होती. सित्रोएनकडे ‘दू शव्हो’ होती, शेतकऱ्यासाठी बनवलेली पत्र्याची साधीसुधी गाडी. तिला त्यांनी मागं दुसरं इंजिन लावलं. १९६०पासून विक्रीला आलेली ही ‘सहारा’. दोन्ही इंजिनं ४२५ सीसीची, दोन सिलिंडरची. सुरुवातीला दोघांची मिळून ताकद २४ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आजच्या एका चांगल्या मोटारसायकलपेक्षा कमी.

ती आत कशी होती हे सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. डॅशबोर्डवर दोन किल्ल्या, दोन स्टार्टर. पेट्रोलच्या टाक्याही दोन, त्या पुढच्या दोन सीटांच्या खाली, एकेका इंजिनाची एकेक. पेट्रोल भरायला दोन्ही दारांच्या पत्र्याला कापून जागा केलेली, त्यातून टाकीचं तोंड बाहेर डोकावतं. स्टेपनी बॉनेटवर चढवलेली, कारण डिकीत आता इंजिन राहतं. मागच्या झाकणात पंख्यासाठी गोल खिडकी. गिअरचा दांडा एकच, तो दोन्ही गिअरबॉक्सना हलवतो. वाटलं तर मागचं इंजिन बंद ठेवून नुसत्या पुढच्यावर जा, ताशी ६५ किलोमीटर. दोन्ही चालू केली तर शंभराच्या घरात. आणि एक बिघडलं तर दुसऱ्यावर घरी या, जे वाळवंटात वेगापेक्षा मोलाचं.

मिनी जिथं अडली तिथं सहारा का नाही अडली? एक तर तिची इंजिनं हवेनं थंड होणारी. रेडिएटर नाही, पाणी नाही, नळ्या नाहीत. प्रत्येकाचा आपापला पंखा. दुसरं, तिच्याकडून कुणी शर्यतीची अपेक्षा केली नव्हती. चोवीस अश्वशक्ती सांध्यांना काय त्रास देणार! पण धंदा म्हणून ती चालली नाही. किंमत साध्या दू शव्होच्या जवळपास दुप्पट, आणि १९६२मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर जिच्यासाठी गाडी बनवली ती बाजारपेठच हातातून गेली. स्पेनच्या ग्वार्दिया सिव्हिल पोलिसांनी काही घेतल्या, इतरत्र थोड्या खपल्या. एकूण बनल्या ६९४. आज जुन्या गाड्यांच्या लिलावात त्यांना जो भाव येतो तो पाहून ज्यांनी तेव्हा घेतल्या नाहीत त्यांची नातवंडं हळहळत असतील.

याच्या अगदी उलट टोकाला १९३५ची आल्फा रोमेओ बिमोटोरे. एन्झो फेरारीच्या संघानं ड्रायव्हरच्या पुढं एक आणि मागं एक अशी आठ-आठ सिलिंडरची इंजिनं बसवली. ताझिओ नुव्होलारीनं तिच्यावर ताशी ३२० किलोमीटरच्या वरचा वेग गाठला. शर्यतीत मात्र तिनं टायर असे खाल्ले की वेळ पिटमध्येच गेला. इंजिन दुप्पट करता येतं, त्या काळचं रबर दुप्पट करता येत नव्हतं. ती हॅचबॅक नव्हे, म्हणून इथंच सोडतो.

*

फोक्सवॅगनच्या गोल्फची गोष्ट मात्र सावकाश सांगायची आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक हा डोंगर आहे. त्याच्या घाटरस्त्यावर दरवर्षी शर्यत होते: २० किलोमीटर, १५६ वळणं, सुरुवात २,८६२ मीटरवर आणि शेवट ४,३०२ मीटरवर. ऐंशीच्या दशकात हा रस्ता बराचसा खडी-मातीचा होता आणि कडेला कठडा नाही. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के, त्यामुळं माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. खाली जोरात असलेलं इंजिन माथ्यावर बरंच अशक्त होऊन पोचतं. नियम जवळपास नाहीतच. वाटेल ती गाडी आणा.

ऑडीकडे क्वात्रो होती, चार चाकांना जोर देणारी. फोक्सवॅगनच्या शर्यत विभागानं व्हिएन्नाच्या कुर्ट बर्गमनला हाताशी धरून वेगळी वाट काढली. गोल्फमध्येच दोन इंजिनं. १९८५मध्ये अशी गाडी घेऊन योखी क्लाइंट हा ड्रायव्हर डोंगर चढला आणि तिसरा आला. पुढच्या वर्षी टर्बो लावले. १९८७मध्ये शेवटचा डाव: १.८ लिटरची, सोळा व्हॉल्व्हची दोन टर्बो इंजिनं, दोन्ही मिळून ६५२ अश्वशक्ती. गाडीचं वजन १,०२० किलो. थांबलेल्या गाडीला ताशी १०० गाठायला ३.४ सेकंद. बाहेरून बघितलं तर ओळखीची दोन दारांची गोल्फ, फक्त फुगलेली आणि पंख लावलेली. आत गोल्फचं जवळपास काहीच नाही. इंजिनंही आता आडवी नव्हती, उभी बसवलेली होती. म्हणजे ज्या आडव्या गठ्ठ्यामुळं ही कल्पना सुचली, तो गठ्ठाच इथवर येईतो मागं पडला होता.

शर्यतीच्या दिवशी क्लाइंट सुसाट निघाला. दोन्ही इंजिनं गुणी निघाली, कुणी तापलं नाही, कुणी धाप टाकली नाही. मधल्या टप्प्यांवर त्याची वेळ जिंकण्याजोगी होती. आणि माथा सुमारे ४०० मीटरवर, दोन-तीन वळणांच्या पलीकडे असताना गाडी बसली. पुढच्या सस्पेन्शनचा एक गोळ्याचा सांधा तुटला होता.

का तुटला? त्या सांध्याला वंगण पोचावं म्हणून त्याला एक भोक पाडलेलं होतं. सांध्याचं भलं व्हावं म्हणून पाडलेल्या त्या भोकानंच त्याची ताकद कमी झाली. ६५२ अश्वशक्ती, तीन वर्षांची मेहनत, दोन देशांतले कारागीर, आणि घात केला ग्रीसच्या भोकानं. त्या दिवशी वॉल्टर ऱ्योर्ल ऑडी क्वात्रोत १० मिनिटं ४७.८५ सेकंदांत माथ्यावर पोचला आणि जिंकला. त्यानंतर फोक्सवॅगननं दोन इंजिनांच्या गोल्फचा नाद सोडला.

मला यात योगायोग दिसत नाही. इंजिन दुप्पट करणं म्हणजे विकत आणणं. दोन चांगली इंजिनं बाजारात मिळतात. पण त्यांची ताकद जिथून जमिनीत उतरते तो प्रत्येक आर्म, प्रत्येक बूश, प्रत्येक जॉइंट एका इंजिनाच्या हिशेबानं घडलेला असतो, किंवा घाईत नव्यानं घडवलेला. ट्विनीतला आर्म दुसऱ्या कामासाठी बनला होता, गोल्फमधला सांधा भोक पाडून सुधारलेला होता. सगळ्यांचे डोळे मीटरकडे, आणि गाडी उभी असते ती ज्याला मीटर नाही त्यावर.

यानंतरही अधूनमधून कुणी ना कुणी हौस भागवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीज-एएमजीनं छोट्या ए-क्लासमध्ये १.९ लिटरची दोन इंजिनं घालून २५० अश्वशक्तीची ए ३८ केली, पण त्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. विकायला कुणी काढली नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. दोन इंजिनं म्हणजे दोनदा तेल, दोन फिल्टर, डिकी गायब, दीडशे किलो वजन वाढलेलं. तेवढ्या पैशांत एकाच इंजिनाला चांगला टर्बो लावून चार चाकांना जोर देता येतो. हौस वेगळी आणि शोरूम वेगळं.

*

आपल्याकडे कुणी हे करायला गेलं तर गॅरेजच्या आधी आरटीओ लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं गाडी जशी बनवली, तिची जी नोंद आरसी बुकात आहे, त्यात मालकाला परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी घट्ट केलं. इंजिन बदलायचं तर परवानगी घेऊन त्याच जातीचं घालता येतं. आरसी बुकात इंजिन नंबरची ओळ एकच, दुसरा नंबर लिहायला जागाच नाही. डिकीत अख्खं इंजिन घेऊन पासिंगला गेलेल्याला साहेब काय विचारतील याची कल्पना करून बघावी.

पण दुसऱ्या इंजिनाचा एक प्रयत्न पुण्यात झाला आणि तो डोक्यानं झाला. २०१०मध्ये केपीआयटी कंपनीनं भारत फोर्जबरोबर ‘रिव्होलो’ नावाची किट पुढं आणली. चालू गाडीत पेट्रोल किंवा डिझेल इंजिन तसंच ठेवायचं आणि बॉनेटखालीच एक विजेची मोटर बसवून ती पट्ट्यानं इंजिनाच्या क्रँक पुलीला जोडायची. डिकीत बॅटरी. सिग्नलवरून निघताना, चढावर, ट्रॅफिकमध्ये मोटर हात देणार आणि इंजिन कमी पेट्रोल पिणार. इथं वेगाची नशा नव्हती, कोथरूड ते हडपसर रोज करणाऱ्याच्या खिशाचा विचार होता. मागची चाकं, त्यांचे सांधे यांना हातच लावायचा नव्हता, ही त्यातली शहाणी गोष्ट. पण नियम कुठले लावायचे हे ठरायलाच वेळ गेला. अशा किटसाठी एआयएस-१२३ हे मानक तयार झालं आणि केंद्रीय नियमांत तरतूद आली ती २०१६मध्ये. तोवर विजेच्या गाड्यांची चर्चा सुरू झालेली. रिव्होलो गल्लोगल्ली दिसली नाही.

मात्र गठ्ठ्याची मूळ कल्पना विजेनंच तारली. २४ जून २०१८ला फोक्सवॅगन पुन्हा पाइक्स पीकवर आली. आयडी आर ही पूर्ण विजेची गाडी घेऊन रोमँ द्यूमा डोंगर चढला आणि ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत माथ्यावर पोचला. आठ मिनिटांच्या आत ही शर्यत त्याआधी कुणीच संपवली नव्हती. त्या गाडीतही एक मोटर पुढं आणि एक मागं, मधे शाफ्ट नाही. ताकद ६८० अश्वशक्ती, वजन ११०० किलोच्या आत. गोल्फचे आकडे शेजारी ठेवून बघा, फारसा फरक नाही. विजेच्या मोटरला विरळ हवेत धाप लागत नाही, दोन गिअरबॉक्सचा मेळ बसवायचा नसतो, आणि कुठल्या टोकाला किती जोर द्यायचा हे कंट्रोलर चाक घसरायच्या आतच ठरवून टाकतो. कंपनीनं त्याच सुमारास १९८७ची गोल्फही दुरुस्त करून पुन्हा चालती केली.

आता पुण्यातच बनणाऱ्या टाटा हॅरियर ईव्हीचं चारचाक-जोराचं मॉडेल २०२५मध्ये बाजारात आलं. पुढची मोटर ११६ किलोवॅटची, मागची १७५ किलोवॅटची. दोन्ही सारख्याच असायला हव्यात ही जुनी अटही आता उरली नाही. सहारामध्ये दोन इंजिनं जुळी असणं सोयीचं होतं, कारण दोघांत मध्यस्थी करायला रस्त्याशिवाय कुणी नव्हतं. इथं मध्यस्थ कंट्रोलर आहे. तो लहान मोटरकडून लहान काम घेतो आणि मोठीकडून मोठं. मागची चाकं ओढणारी म्हणूनच घडवलेली आहेत, कुणाच्या पुढच्या सबफ्रेमवरून उसनी आणलेली नाहीत. किल्ली एक, पायडल एक, आणि आरटीओत कुणी विचारत नाही की दुसरी मोटर कुठून आणली.